पहिल्या सोनोग्राफीवर हक्क कोणाचा?

२०२३ सालच्या नोव्हेंबरात बेंगळुरूहून आलेल्या एका बातमीने कर्नाटक हादरलं. बैयप्पनहळ्ळी पोलिसांनी संशयावरून एक गाडी अडवली होती. तिथून निघालेला तपास मंड्या जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळापर्यंत जाऊन पोहोचला. उसाचा रस आटवून गूळ करायच्या त्या जागी सोनोग्राफीचं यंत्र बसवलेलं होतं. पोटात मुलगी आहे असं त्यावर दिसलं की पुढची व्यवस्था म्हैसुरात होई. काही वर्षांत झालेल्या अशा सुमारे ९०० गर्भपातांची गोष्ट पोलिसांनी सांगितली आणि तपास सीआयडीकडे गेला.

त्याच्या महिनाभर आधी, १६ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने २७ वर्षांच्या एका विवाहितेची गर्भपाताची विनंती फेटाळली. ती दोन मुलांची आई. धाकटं अंगावर पीत होतं, त्यामुळे पाळी आली नव्हती आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. मळमळ आणि चक्कर थांबेना म्हणून ती डॉक्टरकडे गेली, सोनोग्राफी झाली आणि कळलं की सुमारे २४ आठवडे झाले आहेत. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने आधी परवानगी दिली, मग त्याच दोघांत मतभेद झाले आणि अखेर तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. तोवर २६ आठवडे उलटून गेले होते.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहायला हव्यात. एकीकडे यंत्र नको तिथे जाऊन पोहोचलं, दुसरीकडे ज्या बाईला ते हवं होतं तिच्यापर्यंत पाच महिने पोहोचलंच नाही. आपल्या चर्चेत मात्र पहिलीच घटना येते. सोनोग्राफी म्हटलं की मुलगा की मुलगी, छापे, सील ठोकलेली यंत्रं, एवढंच डोळ्यांपुढे उभं राहतं. ध्यानीमनी नसताना दिवस गेलेल्या बाईला पहिल्या काही आठवड्यांतली सोनोग्राफी काय देते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडतो. माझं म्हणणं असं की ती तपासणी तिच्या वतीने निर्णय घेत नाही, निर्णयासाठी लागणारी माहिती आणि अवधी तिच्या हाती देते. हा अवधी हिरावून घेणारी प्रत्येक गोष्ट तिचं नुकसान करते, मग ती लाज असो, कायद्याचा चुकीचा अर्थ असो की तपासणीच्या खोलीतला उपदेश असो.

आधी ही तपासणी सांगते काय, ते पाहू. पाळी चुकली, घरच्या किटवर दोन रेघा उमटल्या, तर एचसीजी हे संप्रेरक शरीरात तयार होतंय एवढंच कळलं. गर्भ कुठे रुजलाय, वाढतोय की नाही, किती दिवसांचा आहे, यातलं किटला काहीच सांगता येत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं सोनोग्राफीच देते. योनीमार्गातून केलेल्या तपासणीत पाचव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी दिसू लागते आणि सहाव्याच्या आसपास काही मिलिमीटरचा गर्भ व त्यातलं स्पंदन. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी दोन आठवडे लांबली म्हणून काळजीत पडलेली मुलगी डॉक्टरच्या हिशेबात सहा आठवड्यांची गरोदर असते. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे कितीजणी ‘अजून दोनच आठवडे झालेत’ या समजुतीत वेळ घालवतात.

पहिला प्रश्न जिवावरचा आहे. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर होतात, त्यातल्या बहुतेक बीजवाहिनीत. नळीतला गर्भ वाढू शकत नाही, नळी मात्र फुटू शकते. गर्भपाताच्या गोळ्यांनी हा गर्भ जात नाही. दुकानातून गोळ्या आणल्या, थोडा रक्तस्राव झाला, सुटले म्हणून बाई कामाला लागली आणि आठवडाभरात पोटात रक्त साठून बेशुद्ध पडली, तर तिला वाचवायला हाताशी थोडेच तास असतात. कॉपर-टी असूनही दिवस गेले असतील तर हा धोका अधिक. कॉपर-टी गर्भधारणा टाळते हे खरंच, पण ती फसून राहिलेल्या गर्भांत नळीतल्या गर्भाचं प्रमाण जास्त असतं. अनपेक्षित गरोदरपणात पहिली सोनोग्राफी लवकर हवी याला एवढं एक कारण पुरेसं आहे.

दुसरा प्रश्न गर्भ जगतो आहे का, हा. सुरुवातीच्या आठवड्यांत अनेक गर्भ आपोआपच वाढायचे थांबतात. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून स्पंदन नसेल तर तो जगलेला नाही असं डॉक्टर ठामपणे सांगू शकतात. त्याहून लहान असेल तर आठवडा-पंधरवडा थांबून पुन्हा पाहायचं असतं. ‘ठेवू की नको’ या विचाराने रात्र-रात्र जागणाऱ्या बाईसमोरचा प्रश्न कधीकधी निसर्गानेच सोडवलेला असतो. ते तिला कळलं नाही तर न केलेल्या कृत्याचा सल ती आयुष्यभर बाळगते. इथेच उलटी सूचनाही करायला हवी. फार घाईने, चौथ्या आठवड्यातच सोनोग्राफी केली तर काहीच दिसत नाही आणि नसती घबराट होते. लवकर म्हणजे योग्य वेळी लवकर. पोटात दुखत नसेल, रक्त जात नसेल तर सहा ते आठ आठवडे हा काळ बहुतेकींसाठी ठीक.

तिसरा प्रश्न दिवसांचा, आणि तो सरळ कायद्याशी जोडलेला आहे. ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये गर्भाच्या डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय ठरवण्याची पद्धत दिली. पहिल्या तीन महिन्यांत या मोजमापात पाच-सात दिवसांचाच फरक पडतो, शेवटच्या महिन्यांत तो दोन-तीन आठवड्यांवर जातो. आपला गर्भपाताचा कायदा १९७१चा. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवर तो उभा राहिला. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोघांचं लागतं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं किंवा आईच्या जिवावर बेतलं तरच वाट उघडते. गोळ्यांनी गर्भपात करायचा तर मर्यादा नऊ आठवड्यांची. कायद्याने दिलेला हक्क असा आठवड्यांत मोजलेला असेल, तर आठवडे नेमके सांगणारा कागद हा त्या हक्काचा पुरावा ठरतो. ‘सहा आठवडे तीन दिवस, गर्भाशयात एक गर्भ, लांबी ६ मिलिमीटर, स्पंदन आहे’ अशी चार ओळींची नोंद हातात असलेली बाई आपल्याकडे किती दिवस आहेत हे जाणते. तिला घरी सांगायला, जोडीदाराशी बोलायला, पैशांची जुळवाजुळव करायला, शांतपणे विचार करायला अवधी मिळतो. मूल ठेवायचं ठरलं तरी हाच कागद उपयोगी. फॉलिक ॲसिड वेळेवर सुरू होतं, चालू औषधं तपासून घेता येतात, जुळं असेल तर आधीच कळतं.

मग अडतं कुठे? बेंगळुरूसारख्या शहरात सोनोग्राफीची वाण नाही. जयनगरपासून येलहंकापर्यंत गल्लोगल्ली स्कॅनिंग सेंटरच्या पाट्या आहेत. सिटी मार्केटजवळचं वाणीविलास इस्पितळ तर बायका-मुलांसाठीचं जुनं सरकारी इस्पितळ. तरीही व्हाइटफील्डच्या किंवा मारतहळ्ळीच्या पीजीत राहणारी पुण्या-कोल्हापूरची मुलगी, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर बसणारी उत्तर कर्नाटकातली मुलगी, दोघी थबकतात त्या दारातल्या टेबलापाशी. “लग्न झालंय का? मिस्टर आलेत का?” तपासणीशी काडीचा संबंध नसलेले हे दोन प्रश्न चार लोकांदेखत विचारले जातात. मुलगी ‘नंतर येते’ म्हणून परत फिरते. त्या ‘नंतर’मध्ये तीन आठवडे जातात, कधी तीन महिने. घर दूर असल्याने या शहरात तिला मोकळीक मिळाली खरी, पण संकटात हात धरायला आई-मावशीही दूरच असतात.

या प्रश्नांना बहुधा कायद्याचं कारण पुढे केलं जातं, म्हणून त्या कायद्याचा कागद जवळून पाहू. लिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. त्यात नाव, वय, पत्ता, आधीची मुलं यांची माहिती असते. नवऱ्याच्या नावासाठी रकाना आहे, पण त्याच रकान्यात वडिलांचं किंवा आईचं नाव चालतं. लग्नाचा दाखला कुठेही मागितलेला नाही. पुढे सोनोग्राफी कोणत्या कारणांसाठी करता येते याची यादी आहे. पहिलं कारण गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर आणि जिवंत आहे का, हे पाहणं. दुसरं, गर्भाचं वय ठरवणं. त्यानंतर थोड्याच अंतरावर आणखी एक आहे: गर्भनिरोधक साधन फसून दिवस गेल्याची शंका. म्हणजे ज्या कागदाच्या धाकाने अविवाहित मुलीला दारातून परत पाठवलं जातं, त्या कागदाने तिची परिस्थिती ओळखली आहे आणि वैध ठरवली आहे. गर्भपाताच्या कायद्यानेही २०२१ मध्ये ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं म्हटलं. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांची सवलत अविवाहितेलाही खुली असल्याचं स्पष्ट केलं. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायदा इतका पुढे आला आहे, दारातलं टेबल मात्र जागचं हललेलं नाही.

लिंगनिदानबंदीचा कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही. तो महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी झगडून मिळवलेला आहे. देशातला असा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, त्यामागे मुंबईतल्या स्त्रीवादी गटांची मोहीम होती. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, पण कागदावरच राहिला. तेव्हा मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. मंड्याचं गुऱ्हाळ त्याच साखळीतलं. हा कायदा हवाच, आणि अधिक कडक हवा.

पण त्याचा धाक नको त्या जागी लागू होतोय. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळूच शकत नाही, कारण बाह्य अवयवांत तोवर फरकच पडलेला नसतो. सुमारे बारा आठवड्यांच्या आधी कोणत्याही पडद्यावर ते ओळखता येत नाही. म्हणजे लवकरच्या तपासणीला लिंगनिदानाची भीती बाळगण्याचं कारणच नाही. उलट, ती टाळली की बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात येते, नेमक्या त्या काळात जेव्हा प्रत्येक गर्भपाताकडे संशयाने पाहिलं जातं. डॉक्टर घाबरून नाही म्हणतात आणि ती भोंदूच्या हाती लागते. मुली वाचवायच्या आहेत आणि बायकाही वाचवायच्या आहेत, तर पहिल्या दोन महिन्यांतली सोनोग्राफी जितकी सोपी होईल तितकं दोन्ही काम सोपं होईल.

आता दुसऱ्या बाजूचा मुद्दा. काहींना वाटतं की ही तपासणी बाईचं मन वळवण्यासाठी वापरावी. पडदा तिच्याकडे फिरवावा, ठोके ऐकवावेत, म्हणजे ती ‘योग्य’ निर्णय घेईल. हा विचार यंत्राइतकाच जुना आहे. धातूतल्या भेगा शोधणाऱ्या ध्वनिलहरी पोटातल्या गाठी शोधायला वापरून ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिला आणि प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफी आली. ते स्वतः गर्भपाताचे कडवे विरोधक होते आणि या चित्रांचा उपयोग त्यांनी त्या विरोधासाठीही केला. मन वळतं का, हेही तपासलं गेलं आहे. लॉस एंजेलिसमधल्या गर्भपात केंद्रांतल्या १५,५७५ भेटींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सोनोग्राफीचं चित्र पाहायचं की नाही हे बाईच ठरवत असे. पाहणाऱ्यांपैकी ९८.४ टक्के आणि न पाहणाऱ्यांपैकी ९९ टक्के स्त्रियांनी गर्भपात केला. ज्यांचं मन आधीच द्विधा होतं अशा थोड्या जणींवरच चित्राचा काहीसा परिणाम दिसला. बायका तिथे पोहोचतात त्या विचार करूनच.

आणि समजा मन वळत असतं, तरी तो दबावच ठरला असता. सहाव्या आठवड्यात जे धडधडतं ती हृदयाची घडत असलेली नळी असते. खोलीत घुमणारा आवाज यंत्राने लहरींचं रूपांतर करून काढलेला असतो. पहिल्या तिमाहीत आवाजाचं डॉप्लर तंत्र सरसकट वापरू नये, असा जाणकार संस्थांचा सल्ला आहे. स्पंदन आहे की नाही हे त्याशिवायही मोजता येतं. एखादीला पडदा पाहायचा असेल, ठेवायचं ठरवून आनंदाने पाहायचा असेल, तर जरूर दाखवावा. तिने मागितलं की दाखवावं, नको म्हटलं की पडदा फिरवू नये, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

ठोक्यांना निर्णयाचा अधिकार दिला तर काय होतं, हे बेळगावला चांगलंच ठाऊक आहे. तिथली दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या इस्पितळात दाखल झाली. मूल हवं होतं, पण सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर काही करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. तिच्या मृत्यूने आयर्लंड ढवळून निघालं आणि २५ मे २०१८च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी घटनेतली गर्भपातबंदी हटवली. सोनोग्राफीने सांगितलेली गोष्ट खरीच होती, ठोके होते. त्यावरून काय करायचं हे ठरवण्याच्या जागी सविता नव्हती, हा अन्याय होता.

याच कारणाने सोनोग्राफी सक्तीची करण्यालाही माझा विरोध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शनात गर्भपातापूर्वी सरसकट सोनोग्राफीची अट घालू नये असं म्हटलं आहे, आणि ते रास्त आहे. पाळी नियमित आणि तारीख पक्की असेल, दुखणं-रक्तस्राव नसेल, तर जाणकार डॉक्टर तपासून आणि चार प्रश्न विचारूनही निर्णय देऊ शकतात. यंत्र तालुक्यालाच असलेल्या भागात सक्ती म्हणजे आणखी एक कुलूप. भारतात २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले ७३ टक्के इस्पितळाबाहेर, गोळ्या घेऊन, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. इतक्या बायका इस्पितळाची पायरी चढत नाहीत याचा अर्थ तिथली वागणूक त्यांना परवडत नाही असाही आहे. अट घालून त्या येणार नाहीत, दार उघडं ठेवून येतील. पाळी अनियमित असणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या, कॉपर-टी असणाऱ्या, एका कुशीत दुखणाऱ्या बायकांसाठी तर ते सताड उघडं हवं.

ही मागणी आपल्या परंपरेला परकी नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नको असताना दिवस गेलेल्या विधवेने तिथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की तिथेच सोडायचं ते तिने ठरवावं. पाप-पुण्याचा हिशेब दाराशी मांडला जात नव्हता. १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी इस्पितळांत अशी केंद्रं सुरू करायला मंजुरी दिली, तेव्हा जगात फार थोड्या सरकारांची तेवढी छाती होती. पुणं, मुंबई आणि म्हैसूरच्या या वारशाला शोभेल असं काही आज करायचं तर ते फार खर्चाचं नाही.

सरकारी इस्पितळांत आणि खाजगी केंद्रांत लग्नाचा प्रश्न विचारणं बंद व्हावं. ‘लिंगनिदान केले जात नाही’ या पाटीशेजारी दुसरी पाटी असावी: तुमचं नाव गुप्त राहील, नवऱ्याची संमती लागत नाही. ती कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत असावी. गरोदरपणाची शंका घेऊन आलेल्या बाईची सोनोग्राफी शक्यतो त्याच दिवशी व्हावी आणि अहवाल तिच्याच हातात पडावा. फॉर्म एफ भरणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यातली कारणांची यादी एकदा वाचून दाखवावी. कॉलेजात आणि कारखान्यांत आठवडे कसे मोजतात हे मुलींना आणि मुलांनाही शिकवावं, कारण दिवस एकटीमुळे जात नाहीत आणि सोबत जायची जबाबदारीही एकटीची नसते. गर्भ कुठे आहे, कसा आहे, किती दिवसांचा आहे एवढं यंत्राने सांगावं आणि तिथे थांबावं. पुढचं बोलायचा पहिला अधिकार त्या बाईचा आहे, आणि तो तिला बाविसाव्या आठवड्यात न्यायालयात मागावा लागू नये म्हणून सहाव्या आठवड्यात तपासणीची खोली उघडी असली पाहिजे.